क्रिएटिनिन १.२ : नॉर्मल, पण कोणाचं?

रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) १.२ आलं, शेजारी लाल खूण नाही, म्हणजे किडनी ठणठणीत असं आपण धरून चालतो. हाच १.२ पंचविशीतल्या तरुणाचा असेल तर त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा क्रिएटिनिन, वय आणि लिंगावरून काढलेला अंदाज, साधारण ८६ निघतो. साठीच्या बाईंचा असेल तर ५२. तीन महिन्यांहून जास्त काळ तो ६०च्या खाली राहिला की दीर्घकालीन किडनीविकार. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. ज्याचे स्नायू कमी, त्याचा आकडा मुळातच कमी हवा. शिवाय किडनीचं जवळपास निम्मं काम थांबेपर्यंत तो फारसा हलतही नाही.

बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. रक्तात साखर जास्त असली की गाळून आलेली साखर पुढच्या नळीत परत शोषली जाते, आणि तिच्याबरोबर सोडियमही. नळीत पुढे सोडियम कमी पोचतं, त्यावरून किडनीचा समज होतो की गाळणं कमी पडतंय. मग ती गाळणीत रक्त आणणारी वाहिनी रुंद करते आणि आतला दाब वाढतो. म्हणूनच मधुमेहाच्या सुरुवातीला ईजीएफआर चक्क वाढलेला दिसू शकतो. त्यात बीपी चढलेलं असेल तर तो दाबही थेट गाळणीवर येतो. पोट सुटलं म्हणून गाळण्या वाढत नाहीत, त्यांचं काम तेवढं वाढतं. युरिक ॲसिडची धास्ती मात्र जरा जास्तच आहे: ते कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉल या गोळीने किडनीची घसरण मंदावत नाही, हे २०२०मध्ये दोन चाचण्यांत दिसलं. गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर गोष्ट वेगळी.

ताणलेल्या गाळणीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत झिरपतं. थोडं असेल तर साध्या लघवी तपासणीत ते निसटतं, म्हणून एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण मोजणारी तपासणी) करायची. शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत ठीक. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा दणकून व्यायाम यांनी आकडा फुगतो, त्यामुळे तीनपैकी दोनदा जास्त आला तरच खरा मानतात. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदानापासूनच दरवर्षी हवी.

टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. दाब उतरतो, तसं क्रिएटिनिन थोडं चढतं. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर घाबरून गोळी सोडणं ही नेहमीची चूक. दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियमसह पुन्हा तपासायचं.

आणि मधुमेह जुना, खाणंपिणं तेच, तरी शुगर अचानक ७०च्या खाली उतरू लागली, तर पेढे वाटू नका. इन्शुलिनचा निचरा किडनीही करते. ती थकली की ते रक्तात रेंगाळतं.