खानदेशातील धाब्याचे लाकडी घर : वारसामूल्य

सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मातीच्या भिंती आणि मातीचेच सपाट छत असलेल्या घरास खानदेशात धाब्याचे घर म्हणतात. धाबे म्हणजे ते छत. ‘नियम धाब्यावर बसवणे’ या वाक्प्रचारातले धाबेही हेच. प्रस्तुत नोंद १९१९ ते १९३९ या दोन महायुद्धांमधील काळात साध्या शेतकरी, कारागीर व छोट्या दुकानदार कुटुंबांनी बांधलेल्या अशा घरांपुरती मर्यादित आहे. सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांची कुडाच्या भिंतींची, उतरत्या छपराची घरे हा वेगळा प्रकार होय.

या घराचे माप खोल्यांत नव्हे, तर खणांत सांगितले जाते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. तीन खणी घर बेताच्या ऐपतीचे, पाच खणी बऱ्यापैकी. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करतात, त्यामुळे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहजी चढत नाही. खांबावर तुळई, तुळईवर हात-दीड हाताच्या अंतराने कड्या (आडवी लाकडे) आणि कड्यांवर लाकडी पाट्या अशी रचना असते. पाट्या परवडल्या नाहीत तेथे तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काठ्या अंथरलेल्या दिसतात. त्यावर निंबाचा पाला, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर पाणी अडवणारी खारी माती. सांधे खिळ्यांचे नसतात : एका लाकडाचे टोक तासून दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि पाचर ठोकायची. सारा भार लाकूड पेलते, भिंत केवळ आडोसा असते. म्हणून भिंत ढासळली तरी धाबे जागेवर राहू शकते. एप्रिल-मे महिन्यांत तापीकाठचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा या मातीच्या जाडीचे मोल कळते. रात्री घरातली माणसे धाब्यावरच झोपतात, दिवसा तेथे पापड आणि मिरच्या वाळतात.

या काळाची खूण लाकडावर वाचता येते. तापी खोऱ्यातील सुरतेकडचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि नवापूर-नंदुरबारच्या जंगलपट्ट्याला रेल्वेची वाट मिळाली. पुढे कापसाने काही वर्षे हात दिला, पण १९२९ नंतरच्या मंदीत भाव कोसळले. या चढउतारात वाड्यांतील कोरीव हस्त (तुळईखालचे लाकडी आधार) आणि नक्षीदार महिरपी या घरांत अभावानेच आढळतात. चौकोनी तासलेला खांब, कडांना मारलेली एखादी गोल रेघ, खिडकीला लोखंडी गज, ओट्यावर पत्र्याची पडवी, एवढाच थाट. दाराच्या चौकटीवर मात्र कधी गणपती आणि शक कोरलेला असतो. शके १८५२ असे दिसल्यास त्यात ७८ मिळवून १९३०-३१ हे वर्ष काढता येते. अनेकदा घराच्या वयाचा एवढाच लेखी पुरावा हाती असतो.

वारसा म्हटले की गढी, वाडा किंवा देऊळ डोळ्यांसमोर येते. परंतु स्मारकांच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनेच, काळाच्या ओघात सांस्कृतिक अर्थ प्राप्त झालेल्या साध्या वास्तूंनाही स्मारकाच्या व्याख्येत स्थान दिले आणि १९९९ मध्ये लोकवास्तूंसाठी स्वतंत्र सनद आली. धाब्याच्या घरात अस्सल किती, हा प्रश्न हमखास विचारला जातो, कारण मृगाआधी नवी खारी टाकावी लागते, भिंती पुन्हा लिंपाव्या लागतात आणि कुजलेली कडी बदलावी लागते. पण ही दरवर्षीची डागडुजी हा या वास्तूचा दोष नव्हे, तिचा भागच आहे. वारशाच्या अस्सलपणावरील १९९४ च्या आंतरराष्ट्रीय नारा दस्तऐवजाने मांडलेला व्यापक विचार येथे नेमका लागू पडतो. माती बदलते, सांगाडा आणि तो सांभाळण्याची रीत टिकते. या दोहोंपैकी रीत आधी तुटते, असे म्हणावे लागेल.

कायदेशीर संरक्षण तुटपुंजे आहे. १९५८ च्या केंद्रीय स्मारक कायद्यात किमान शंभर वर्षांची अट असल्याने यातील बहुतेक घरे आतापर्यंत विचारातही आली नाहीत. शिवाय तो कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी आहे, तीन खणी घरासाठी नव्हे. ग्रामीण घरकुल योजनेच्या हिशेबात मातीची भिंत आणि मातीचे छत म्हणजे ‘कच्चे’ घर. नव्वद पावसाळे काढलेल्या सागवानी सांगाड्याला हा शब्द लावणे विचित्र वाटते, तथापि गळके धाबे दरवर्षी सावरणाऱ्या कुटुंबाने स्लॅब पसंत केला तर त्याला दोष देता येत नाही. भाऊबंदांच्या वाटणीत मधली खांबांची ओळ हीच हद्द ठरते. एक भाऊ आपला अर्धा भाग पाडतो आणि तुळयांचा आधार गेल्याने दुसऱ्याचा अर्धा खचू लागतो. जुन्या सागाला चांगला भाव येत असल्याने पाडकामाचा खर्चही अनेकदा लाकडातूनच निघतो. विकलेल्या तुळया टेबले आणि दारे होऊन शहरांत जातात, आणि त्यांवरील रिकाम्या खाचांवरून तेथे कधी किती कड्या होत्या एवढे मोजता येते.