मेफ्लाय वाहत्या पाण्यात टिकतो कसा?

मेफ्लायची ख्याती अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून ‘एका दिवसाचा कीटक’ अशीच आहे. पण पंख फुटल्यानंतरचे ते काही तास म्हणजे आयुष्याचं नुसतं शेपूट. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींत दोन-तीन वर्षंही, पाण्यातच गेलेली असतात. यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये या कीटकावर अख्खं पुस्तक काढलं. मात्र त्याने पाहिलेली पिल्लं नदीकाठच्या चिकणमातीत बिळं करून राहणारी होती. दगडांवरून उसळणाऱ्या पाण्यातल्या पिल्लांकडे अभ्यासकांचं लक्ष वळलं ते बरंच नंतर.

ओढ्यातला दगड उलटा करून पाहा. हेप्टाजेनिडी कुळातलं पिल्लू कागदासारखं चपटं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, पाय खेकड्यासारखे फाकलेले. बोट लावलं की तिरपं सरकत दगडाच्या पलीकडे पसार! रिथ्रोजेना या त्याच्या भाऊबंदाचे कल्ले पोटाखाली एकावर एक पसरून चकतीच बनते. डबक्यातलं क्लोइऑन हे मेफ्लायचंच पिल्लू कल्ले हलवून स्वतःभोवती पाणी खेळवतं. ओढ्यातल्या बेटिस या मेफ्लायच्या पिल्लाला ते साधत नाही, त्याचं श्वसन वाहत्या पाण्याच्या भरवशावर चालतं. म्हणूनच प्राणवायूसाठी त्याला प्रवाहच लागतो.

मग चपटेपणा कशासाठी? भारतीय प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात खळाळत्या पाण्यातल्या जीवांच्या चिकटून राहण्याच्या अवयवांवर दीर्घ प्रबंध लिहिला. पुढे १९५९ मध्ये आम्ब्यूल यांनी पाण्यात बारीक कण सोडून फोटो काढले आणि दाखवलं की दगडालगत संथ पाण्याचा पातळ थर असतो. चपटं पिल्लू त्यात दडून राहतं. हे उत्तर इतकं सुबक होतं की पाठ्यपुस्तकांनी ते लगेच उचललं. १९८२ मध्ये श्टाट्सनर आणि होल्म यांनी लेसरने पिल्लाभोवतीचा वेग मोजला, तेव्हा चित्र बिघडलं. थर फारच पातळ निघाला, प्रवाह थेट अंगावर येत होता. शिवाय चपट्या पाठीवरून वेगाने जाणारं पाणी पिल्लाला वर उचलू पाहतं. तेव्हा चपटेपणाचा फायदा दगडाखालच्या फटीत शिरायला जास्त होत असावा, असं मला वाटतं.

शिवाय दगडाला चिकटून राहणं हीच एक युक्ती नाही. बेटिसचं निमुळतं पिल्लू अंधार पडल्यावर दगड सोडून वाहत जातं. असं होत राहिलं तर वरचा ओढा रिकामा पडायला हवा. १९५४ मध्ये कार्ल म्युलर यांनी तर्क मांडला, की अंडी घालायला निघालेल्या माद्या प्रवाहाच्या उलट दिशेने उडत वर जातात.