सर्फबोर्ड

किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेच्या उतारावर उभे राहून घसरत जाण्यासाठी वापरली जाणारी फळी. मूळ पॉलिनेशियातले, मात्र ती घडवण्याची कला बहरली हवाई बेटांवर. हलक्या साहित्यामुळे फळी आखूड होत गेली असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. फळीच्या बुडाला लागलेल्या फिनचा, म्हणजे माशाच्या परासारख्या उभ्या पात्याचा, वाटाही तेवढाच मोठा आहे.

जुन्या हवाईत दोन प्रकार मुख्य होते. ‘ओलो’ ही जाड, लांबलचक फळी सरदार घराण्यांची. ती विलिविलीच्या हलक्या लाकडाची असे. ‘अलाइया’ पातळ आणि आखूड, कोआ किंवा विलायती फणसाच्या लाकडाची, सर्वांना चालणारी. झाड तोडण्यापूर्वी मुळाशी कुमू नावाचा लाल मासा अर्पण करण्याची प्रथा होती. फळी तासून झाली की ती प्रवाळाने व दगडाने घासत, काळा रंग देत आणि कुकुईच्या बियांचे तेल चोळत. वापरानंतर वाळवून, खोबरेल लावून सालीच्या कापडात गुंडाळून ठेवत. पाकी या सरदाराच्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत.

या फळ्यांना फिन नव्हते, त्यामुळे उभ्या लाटेवर मागची बाजू घसरत असे. १९३७ मध्ये होनोलुलूच्या काही तरुणांनी यावर थेट कुऱ्हाड चालवली : शेपटीकडचा भाग तासून अरुंद केला आणि फळी लाटेला धरून राहू लागली. त्याआधीच, १९३५ मध्ये, टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने एका मोटरबोटीचा कणा काढून आपल्या फळीच्या बुडाला बसवला होता. पोकळ फळीचे पेटंटही (१९३२) त्याचेच. पण फिनची कल्पना रुळायला पुढे बरीच वर्षे गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बाल्सा लाकडावर फायबरग्लासचे कापड व रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) चढवू लागले. १९५८ च्या सुमारास तिथलेच फळी बनवणारे होबी आल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम वापरात आणला आणि चांगल्या बाल्साचा शोध घेण्याची गरज उरली नाही. १९६७ नंतर दोन-तीन वर्षांतच साडेनऊ फुटांची फळी सातच्या आसपास आली. ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅविश, हवाईत डिक ब्रूअर या फळी घडवणाऱ्यांची नावे यात घेतली जातात. कॅलिफोर्नियाचा सर्फर जॉर्ज ग्रीनो याचे माशाच्या परावरून बेतलेले अरुंद, लवचीक फिन नसते, तर एवढ्या आखूड फळ्या हाताळणे अवघड गेले असते.

पुढे दोन फिनांची फळी चपळ ठरली, पण मोठ्या लाटेत ती निसटे. सिडनीजवळच्या नॅराबीनचा धिप्पाड सर्फर सायमन अँडरसन याला हाच त्रास होता. १९८० मध्ये त्याने तिसरे फिन मागे मध्यावर बसवले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा त्याच फळीवर जिंकली. या रचनेचे, म्हणजे ‘थ्रस्टर’चे, पेटंट त्याने घेतले नाही. आजच्या बहुतेक आखूड फळ्या तिच्यावरच बेतलेल्या असतात.

कारागिराला ‘शेपर’ म्हणतात. त्याच्या खोलीच्या भिंती गडद रंगाच्या, आणि ट्यूबलाइट छताला नसून दोन्ही बाजूंना, जवळजवळ फळीच्या उंचीवर. आडव्या प्रकाशात फोमवरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो, हाताआधी डोळ्याला कळतो. विजेच्या रंध्याने जाडी उतरवली की लांबीतला बाक (रॉकर) आणि कडा (रेल) यांचे काम उरते. बाक कमी तर वेग जास्त. बाक जास्त तर वळणे सोपे आणि उभ्या लाटेत टोक पाण्यात घुसत नाही. गोल कडेला पाणी बिलगते, धारदार कडेवरून सुटते. म्हणून कड शेपटीकडे धारदार ठेवतात. प्रचंड लाटांसाठीच्या ‘गन’ची शेपटी निमुळती, तर छोट्या लाटांच्या ‘फिश’ची रुंद आणि खाच पडलेली. नऊ फुटांवरची ती ‘लाँगबोर्ड’.

नंतर कापड अंथरून रेझिन रबरी पट्टीने ओढतात. पॉलिस्टायरिन फोमवर इपॉक्सी हे रेझिनच लागते, कारण पॉलिस्टर रेझिन तो फोम विरघळवते.

अमेरिकेतल्या बहुतेक शेपरना फोम पुरवणारी क्लार्कची कंपनी ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाली. धंद्याला मोठा हादरा बसला, पण इतर फोम आणि इपॉक्सी यांना वाव मिळाला तो तेव्हाच. आता ढोबळ आकार बहुधा संगणकी यंत्र कापते. कडांचा शेवटचा हात मात्र बऱ्याच ठिकाणी माणूसच फिरवतो. लांबी, रुंदी, जाडी यांच्या जोडीला फळीचे घनफळ लिटरमध्ये लिहिण्याची पद्धतही संगणकामुळेच सर्रास झाली.