खुब्याचं ऑपरेशन, ब्लॉक आणि पहिली रात्र

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहितीपत्रक

आम्ही दोघे भूलतज्ज्ञ आहोत. आमचं स्वतःचं हॉस्पिटल नाही. तालुक्याच्या गावी हाडाचे डॉक्टर ऑपरेशन ठरवतात, भुलेसाठी आम्हाला बोलावतात आणि आम्ही येतो. त्यामुळे तुमची-आमची भेट बहुतेक वेळा ऑपरेशनच्या दिवशीच होते, तीही दहा-पंधरा मिनिटांची. तुम्ही घाबरलेले असता, आम्हाला पुढच्या गावाची घाई असते. त्या गडबडीत जे नीट सांगून होत नाही, ते इथे लिहिलं आहे.

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा: ब्लॉकचा, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या जांघेतल्या सुईचा, असर बहुतेक वेळा रात्री उतरतो. त्याची तयारी संध्याकाळीच करायची असते.

ब्लॉक म्हणजे नेमकं काय

धुऱ्यावरून पाय घसरला, न्हाणीत तोल गेला, ओट्यावरून उतरताना पडलं आणि खुबा मोडला, असे बहुतेक रुग्ण साठी-सत्तरीच्या पुढचे असतात. ऑपरेशनसाठी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, हे आता गावोगावी माहीत झालं आहे. पण तो असर दोन-तीन तासांचा. ऑपरेशन होऊन रुग्ण वॉर्डात येतो आणि जरा वेळानं दुखायला लागतं. खरं दुखणं तिथून पुढे.

ब्लॉक त्या पुढच्या तासांसाठी असतो. खुब्याच्या पुढच्या बाजूची दुखण्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा जांघेतून जातात. त्या नसांच्या आजूबाजूला बधिर करणारं औषध सोडायचं, म्हणजे खबर वाटेतच थांबते. इथे नस म्हणजे सलाईन लावतात ती रक्ताची नस नव्हे, संवेदना नेणारा चेतातंतू. हा फरक सांगावा लागतो, कारण ‘नसेत सुई’ म्हटलं की लोक हात पुढे करतात.

सुई एकदाच, जांघेजवळ, आधी कातडी बधिर करून. असर यायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो साधारण 8 ते 16 तास टिकतो. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, बोलतो, चहा मागतो.

आम्ही जास्त करून देतो तो ‘फॅशिया इलियाका’ ब्लॉक. मांडीच्या वरच्या भागात स्नायूवर एक पातळ पडदा असतो. त्या पडद्याखाली औषध पसरलं की मांडीच्या पुढची आणि बाहेरच्या बाजूची नस दोन्ही भिजतात. दुसरा ‘पेंग’ ब्लॉक. तो 2018 साली पहिल्यांदा वैद्यकीय मासिकात आला. त्यात औषध सांध्याच्या अगदी जवळ सोडतात, त्यामुळे मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते. तो सोनोग्राफीशिवाय आम्ही करत नाही.

सोनोग्राफीवरून एक प्रश्न नेहमी येतो: ‘डॉक्टर, तुमचं मशीन गाडीत घालून का नाही आणत?’ आणता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली मशीन ज्या जागेच्या नावावर नोंदवलं असेल तिथेच वापरायचं. कायदा योग्यच आहे, पण त्याचा एक परिणाम असा की ज्या हॉस्पिटलात नोंदवलेलं मशीन नाही, तिथे आम्ही जुन्या पद्धतीनं काम करतो. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून जांघेच्या हाडापर्यंत रेघ मनात ओढायची, तिचे तीन भाग करायचे, बाहेरचा आणि मधला भाग मिळतात तिथून एक सेंटिमीटर खाली सुई घालायची. दोन पडदे पार होताना हाताला दोनदा ‘टच्’ जाणवतं. ही पद्धतही चालते, फक्त कधीकधी असर अर्धवट येतो. आलाच तर आम्ही तसं स्पष्ट सांगू.

ऑपरेशनच्या आधीही देता येतो

खुबा मोडलेल्या माणसाला कूस बदलताना जो जीव जातो, तो बघणाऱ्यालाच ठाऊक. बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनपर्यंत पायाला वजन लावून ठेवतात, कधी चक्क विटा बांधून. ऑपरेशनला एक-दोन दिवस असतील तर दाखल झाल्याबरोबर ब्लॉक देता येतो. पाठीतल्या इंजेक्शनसाठी रुग्णाला बसवावं किंवा कुशीवर करावं लागतं, तेही मग ओरडल्याशिवाय होतं.

2020 साली कोक्रेन या संस्थेनं खुबा मोडलेल्या रुग्णांवरच्या 49 चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण 3,061 रुग्ण. ब्लॉक दिलेल्यांना अर्ध्या तासात हालचाल करताना कमी दुखलं, आणि त्यांच्यात अचानक भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं. भ्रम म्हणजे ऑपरेशननंतर रात्री बुढा बरळतो, सलाईन उपसतो, ‘बैल सोडायचे आहेत’ म्हणून उठून बसतो, ते. घरच्यांना वाटतं भूल चढली. पुष्कळदा त्यामागे न सहन झालेलं दुखणं आणि त्यासाठी दिलेली कडक औषधं असतात. ट्रामाडॉलनं म्हाताऱ्या माणसाला गरगरतं, उलट्या होतात. डायक्लोफिनॅकच्या सुईची गावात सगळ्यांना सवय, पण उन्हाळ्यात पाणी कमी प्यालेल्या सत्तरीच्या माणसाच्या किडनीला ती भारी पडू शकते. ब्लॉकमुळे ही औषधं कमी लागतात. आमच्या मते म्हाताऱ्या रुग्णासाठी ब्लॉकचा सर्वांत मोठा फायदा हाच.

आम्हाला काय सांगायचं

वजन. ‘असेल पन्नासेक’ असं नको. औषधाची मर्यादा किलोवर ठरते. आमच्याकडची कित्येक म्हातारी माणसं 35-40 किलोची असतात, आणि 40 किलोच्या बाईला ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध आम्ही 80 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. पाठीत दिलेलं औषधही त्याच हिशेबात धरतो. मोडलेल्या पायानं वजनकाट्यावर उभं राहता येत नाही, म्हणून शेवटचं वजन कधी आणि किती झालं ते आठवून या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पुडीसकट आणा. ‘हृदयाची छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून आम्हाला कळत नाही. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पाठीतलं इंजेक्शन ती गोळी पाच ते सात दिवस बंद ठेवल्याशिवाय देत नाहीत. जांघेतला ब्लॉक मात्र वरच्यावर असल्यानं तोवर देता येतो. गोळी बंद करायची की नाही हे मनानं ठरवू नका.

दातांच्या डॉक्टरकडे किंवा टाके घालताना दिलेल्या बधिर करणाऱ्या सुईनं पूर्वी त्रास झाला असेल तर तो सांगा. मधुमेहामुळे पायाला आधीच मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तोही सांगा, नाहीतर नंतर तो ब्लॉकच्या माथी जातो.

जड जेवण आठ तास आधी, हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा दुधातच मोजायचा. आणि खर्रा तोंडात ठेवून ‘मी उपाशी आहे’ म्हणू नका, कृपा करा.

सिकलसेल असेल तर

हा भाग पूर्व विदर्भातल्या, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडच्या आणि यवतमाळकडच्या घरांसाठी मुद्दाम लिहितो आहोत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडतं आणि तो आतून मरत जातो. डॉक्टर त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. म्हणून वीस-पंचवीस वर्षांच्या मुलालाही सांधा बदलायची वेळ येते.

या रुग्णांनी वर्षानुवर्षं दुखणं सोसलेलं असतं, आणि साध्या सुयांनी त्यांना उतार पडत नाही. ब्लॉकचा त्यांना चांगला उपयोग होतो. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते दाखवा, आजार झालेला आहे की फक्त वाहक आहे हे सांगा, शेवटचं रक्त कधी चढवलं तेही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रुग्णाला थंडी वाजू देऊ नका. पाणी बंद असताना सलाईन चालू आहे ना ते बघा. ब्लॉक फक्त खुब्यापुरता असतो. छातीत दुखलं, धाप लागली किंवा ताप आला तर ‘ऑपरेशनचं असेल’ म्हणून थांबू नका, लगेच सिस्टरला बोलवा.

पहिली रात्र

समजा, सकाळी अकराला ब्लॉक दिला. दुपारी रुग्ण खुशीत असतो. भेटायला आलेले म्हणतात, ‘काहीच दुखून नाही राहिलं म्हणते माय!’ संध्याकाळची गोळी देताना मग नातेवाईक विचारतात, दुखत नाही तर गोळी कशाला? नेमकी इथेच चूक होते. असर संध्याकाळी सात ते पहाटे तीनच्या दरम्यान, बहुतेक वेळा रात्री, कधीतरी उतरतो, आणि पुष्कळांना तो एकदम उतरल्यासारखा वाटतो. वॉर्डात तेव्हा सिस्टर एकटी असते, नातेवाईक पलंगाखाली चादर टाकून झोपलेले असतात. तेव्हा दिलेली गोळी लागू पडायला तास जातो. तो तास फार लांब असतो.

म्हणून पॅरासिटामॉल दुखो न दुखो, लिहून दिलेल्या वेळेला, घड्याळ पाहून द्यायची. मात्रा आम्ही वजन बघून लिहितो, तीत वाढ करू नका. मांडीला मुंग्या यायला लागल्या, किंवा चिमटा कळायला लागला, की असर उतरतो आहे असं समजा आणि सिस्टरला तेव्हाच सांगा.

ब्लॉक असतानाही थोडं दुखू शकतं. खुब्याच्या मागच्या बाजूच्या नसा वेगळ्या वाटेनं जातात, या ब्लॉकनं त्या झाकल्या जात नाहीत. चिरा कुल्ल्याकडे असेल तर तिथे जाणवेल. दहापैकी दोन-तीन दुखणं म्हणजे ब्लॉक फसला असं नव्हे. सात-आठ असेल तर आम्हाला फोन लावायला सांगा, वेळ कोणतीही असो.

‘डॉक्टर, मायचा पाय हलूनच नाही राहिला!’ हा फोन आम्हाला नेमानं येतो. ब्लॉकनं मांडीचा मोठा स्नायूही ढिला पडतो, गुडघा सरळ ठेवता येत नाही. तो ब्लॉकबरोबरच परत येतो. पण तोवर रुग्णाला एकट्यानं उठू द्यायचं नाही. दुखत नसल्यामुळे माणसाला वाटतं आपण बरे झालो, लघवीला म्हणून तो उठतो, पाय खालून निघून जातो आणि नवीन बसवलेला खुबा पुन्हा जमिनीवर आपटतो. रात्री पॉट पलंगाशीच ठेवा. पहिल्यांदा उभं करताना वॉकर आणि दोन माणसं हवीत. पायावर भार किती द्यायचा ते हाडाचे डॉक्टर सांगतील.

आता शेक. मिठाची पुरचुंडी, गरम वीट, गरम पाण्याची पिशवी, बिब्बा, तेल चोळणं: यातलं काहीही बधिर पायाला नको. चटका बसतो तो रुग्णाला कळत नाही, सकाळी फोड दिसतो. प्रेमानं दिलेल्या शेकानं उठलेले फोड आम्ही पाहिले आहेत. टाचही तपासत राहा. बधिर पायाची टाच एकाच जागी दाबून राहिली की तिथे जखम धरते. पोटरीखाली घडी केलेली गोधडी सरकवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

धोका किती

औषध चुकून रक्तात गेलं किंवा जास्त झालं तर ओठांभोवती मुंग्या, कानात गुंई आवाज, तोंडात लोखंडासारखी चव अशी सुरुवात होते. पुढे झटका येऊ शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून औषध थोडं थोडं करून देतो, मध्ये मध्ये सुई मागे ओढून रक्त येतं का पाहतो, आणि तुमच्याशी उगाच गप्पा मारत राहतो. त्या गप्पा म्हणजे तपासणीच असते. असं काही वाटलं तर लाजू नका, सांगा. यावरचं औषध, 20 टक्क्यांचं दुधासारखं पांढरं लिपिड, आमच्या पेटीत असतं. ते नसेल त्या दिवशी आम्ही ब्लॉक देत नाही.

नसेला कायमची इजा फार क्वचित होते, दहा हजारांत दोन-चार जणांना. सुईच्या जागी थोडं काळंनिळं होणं मात्र नेहमीचं. चोवीस तासांनंतरही पाय बधिर किंवा लुळा असेल तर घरी जाण्याआधी आम्हाला कळवा.

पैसे

ब्लॉकचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही, भुलेच्या फीमध्येच तो धरलेला आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन होत असेल आणि ब्लॉकच्या नावावर कोणी वेगळे मागितले, तर देण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. ब्लॉक नको असेल तर तसं सांगा. राग येत नाही, गोळ्या-सुयांनीही ऑपरेशन निभावतं.

हा खालचा भाग आम्ही भरून देऊ. पान रुग्णाच्या उशाशी ठेवा, रात्री बदलीला येणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

ब्लॉक दिला: ______ वाजता, ______ पायाला

असर उतरण्याचा अंदाज: ______ ते ______

पॅरासिटामॉलच्या वेळा: ______ / ______ / ______ / ______

मुंग्या सुरू झाल्या (नातेवाइकांनी लिहायचं): ______ वाजता