पहिली मोटारसायकल घेताना : दुकानात येण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे गाडी बघायला येणारा नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "पिकअप कसा आहे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ज्याला अजून चढावर क्लच धरता येत नाही त्याने आधी विचारायला हवं, "ही गाडी मला पेलवेल का?" साताऱ्यात जुन्या-नव्या छोट्या गाड्या विकताना आणि दुरुस्त करताना आम्ही ग्राहकांना जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून काढलं आहे.

वजन आणि उंची

नवशिक्याची गाडी वेगात कमी आणि उभ्या उभ्या जास्त पडते. पार्किंगमधून काढताना, यू-टर्न घेताना, सिग्नलला पाय खड्ड्यात गेल्यावर. म्हणून सीसीच्या आधी वजन बघा. स्प्लेंडर प्लसचं सीट ७८५ मिलिमीटर उंच आहे आणि पल्सर १५०चंही तेवढंच. पण स्प्लेंडर ११२ किलोची आणि पल्सर १४८ किलोची. हे ३६ किलो चालवताना जाणवत नाहीत, गाडी कलली की कळतात. शाईन १०० तर ९९ किलोचीच आहे; सडपातळ बांध्याच्या मुलामुलींना आम्ही आधी तिच्यावर बसवतो. प्लॅटिना १०० आणि एचएफ डिलक्स आरामशीर आणि परवडणाऱ्या, पण सीट ८०० मिलिमीटरच्या वर. उंची बेताची असेल तर बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत. मग खाली उतरा, गाडी मेन स्टँडवरून काढा, इंजिन बंद ठेवून चार पावलं मागे ढकला आणि पुन्हा स्टँडवर चढवा. दम लागला तर ती गाडी तुमची नाही, रंग कितीही आवडलेला असो.

१०० की १२५?

घर ते कॉलेज, बाजार, डेअरी एवढंच रनिंग असेल तर १०० सीसी भरपूर झाली. रोज हायवेने शिरवळला कामावर जायचं, किंवा मागे माणूस बसवून यवतेश्वरचा घाट चढायचा असेल, तर १२५ घ्या. १०० सीसी घाट चढत नाही असं नाही, खालच्या गिअरमध्ये निवांत चढते. अडचण हायवेला येते. ट्रकला ओव्हरटेक करताना हाताशी जो थोडा जोर शिल्लक लागतो, तो तिच्यात नसतो. १५० आणि त्यापुढचं वर्षभराने बघू.

ब्रेकचंही समजून घ्या. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण चाक लॉक व्हायचं त्याने थांबत नाही. पहिल्या पावसात, ओल्या मुरमावर, ब्रेक हलक्या हातानेच लावायचा.

नवी घेताना

२२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी गाडी पूर्वीइतकी आवाक्याबाहेर राहिलेली नाही. मात्र जाहिरातीतला आकडा एक्स-शोरूम असतो. त्यावर रोड टॅक्स आणि विमा चढतो. ऑन-रोड किमतीची फोड कागदावर मागा आणि क्रॅश गार्ड, सीट कव्हर, "हँडलिंग" अशा ओळी दिसल्या तर हे ऐच्छिक आहे का, हे स्पष्ट विचारा. साडी गार्ड मात्र हवंच, ते नियमातच आहे.

हप्त्याचं गणित स्वतः करा. ६०,००० रुपये, ३ वर्षं, "१२ टक्के फ्लॅट" म्हणजे व्याज २१,६००, एकूण परतफेड ८१,६००, महिन्याचा हप्ता सुमारे २,२६७. मुद्दल दर महिन्याला फिटत असतं, तरी व्याज पूर्ण ६०,०००वरच लागतं. त्यामुळे खरा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. पतसंस्थेत किंवा बँकेत घटत्या शिलकीवरचा दर विचारून मगच सही करा.

जुनी घेताना

शिकाऊ हाताला जुनी गाडी बरी, असं आमचं मत आहे. आम्ही जुन्या गाड्या विकतो म्हणून म्हणतो असं वाटेल, वाटू द्या. पहिल्या वर्षात टाकीला पोचा आणि इंडिकेटर तुटणं ठरलेलं असतं, ते जुन्या गाडीवर झालेलं बरं.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सेल्फला किंवा दोन-तीन किकमध्ये सुरू व्हावं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, बोअर-पिस्टनचं काम निघणार. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल फिरवणारं बेअरिंग, गेलाय. मागच्या चक्रावरची चेन बोटाने ओढा, दात उघडे पडले तर नव्या चेनसेटचा (चेन आणि दोन्ही चक्रं) खर्च धरून किंमत पाडा. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलंय का, हँडलखाली चेसीच्या मानेवर नवा रंग किंवा वेल्डिंग आहे का, हेही बघा. वेल्डिंग दिसलं तर पुढे बोलणीच नको. किलोमीटरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. फूटरेस्टचं रबर आणि ब्रेकच्या पेडलची झीज जास्त खरं बोलते.

एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या. चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागून गाडी सुरू होताच विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो. अशा गाडीत पेट्रोल अगदी तळाला जाऊ देऊ नका, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. त्याआधीची कार्ब्युरेटरची गाडी कुठल्याही गावात दुरुस्त होते. खेड्यात राहणाऱ्यांना आम्ही अजूनही तीच सुचवतो.

कागदांत आरसीवरचा इंजिन आणि चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, विमाही १४ दिवसांत नावावर करायचा. थकीत चलन ऑनलाइन तपासता येतं. नुसत्या स्टँप पेपरवर गाडी घेणं म्हणजे आधीच्या मालकाचं झंझट विकत घेणं.

लायसन्स आणि हेल्मेट

गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण लागतात. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर लाल 'एल' लावायचा. १८च्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकांना किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. त्यामुळे वय पूर्ण नसेल तर आम्ही ट्रायल देत नाही, कृपया आग्रह करू नये. हेल्मेटचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्या.

ट्रायलला येताना लायसन्स, हेल्मेट आणि पायात बूट असावेत. चप्पल घालून आलात तर गाडी फक्त बघायला मिळेल.