ब्रेक कॅलिपर लेपन

मोटारीच्या चकती ब्रेकमधील कॅलिपरच्या (ब्रेक द्रवाच्या दाबाने पॅड म्हणजे घर्षणपट्ट्या फिरत्या चकतीवर दाबणाऱ्या भागाच्या) बाह्यांगावर गंज रोखण्यासाठी व शोभेसाठी दिला जाणारा थर. कॅलिपर सामान्यतः बिडाचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. चकती ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये घेतले. कॅलिपर भडक रंगात रंगवण्याची प्रथा मात्र बरीच अलीकडची. ती साधारणपणे 1990 च्या दशकात, उघड्या आऱ्यांच्या चाकांतून कॅलिपर दिसू लागल्यावर रुळली असे मानतात. पोर्शच्या मोटारींत पिवळा कॅलिपर ही सिरॅमिक चकत्यांची खूण आहे.

लेप निवडताना उष्णतारोधाला अवाजवी महत्त्व दिले जाते. जोरदार ब्रेक लावल्यास चकती 500° से.च्या पुढे तापू शकते. कॅलिपरचे अंग तितके तापत नाही. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ब्रेक द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230° से. व ओलावा शोषलेल्या द्रवाचा किमान 155° से. असावा लागतो. अंग याहून फार तापले, तर रंग जळण्याआधी द्रव उकळून ब्रेक निकामी होईल. म्हणून खरा निकष ब्रेक द्रवापुढे टिकण्याचाच धरावा. ग्लायकॉलयुक्त द्रव रंग विरघळवतो : ब्लीडर निपलाखाली (द्रवातील हवा काढण्याच्या तोटीखाली) ओघळ पुसायचा राहिला की साधा अल्किड रंग (नेहमीचा तैलरंग) सुरकुततो आणि नखाने पोपडा निघतो.

सिलिकोन रेझीनचे उष्णतारोधी रंग येथेच फसतात. ते पक्के होण्यासाठी बहुधा 200° से.च्या आसपास भाजावे लागतात, आणि रोजच्या वापरात कॅलिपर तेवढा तापतच नाही. भट्टीत न भाजलेला असा थर द्रवापुढे मऊच राहतो. द्विघटकी इपॉक्सी व पॉलियुरेथेन रंग मात्र रासायनिक क्रियेने खोलीच्या तापमानालाही घट्ट होतात. सामान्य मोटारीसाठी तेच अधिक योग्य ठरतात. इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुरभुरते. पॉलियुरेथेनच्या कठिणकारकातील आयसोसायनेट श्वसनास घातक असल्याने ते केवळ साधा कापडी मास्क लावून फवारू नये.

पावडर कोटिंग (कोरडी रंगभुकटी चिकटवून भाजलेला थर) सर्वांत टिकाऊ. ते सुमारे 180°–200° से.ला भाजतात, त्यामुळे पिस्टन, रबरी सील व धूळरोधक टोपणे आधी काढावीच लागतात. उष्णतासंस्कारित ॲल्युमिनियमची ताकद या भाजण्याने घटू शकते. थर 60–80 मायक्रॉनचा बसतो. पॅड सरकण्याच्या खाचेत तो गेला तर पॅड अडकतो.

रंगाने कॅलिपर तापून राहतो काय, याविषयी मतभेद आहेत. रंगवलेला पृष्ठभाग चकचकीत उघड्या धातूपेक्षा अधिक उष्णता प्रारित करतो, आणि पातळ थराचा वहनाला होणारा अडथळा अल्प असतो. उष्णता मुख्यतः वाऱ्याने वाहून नेली जात असल्याने हा वाद व्यवहारात गौण दिसतो.

पृष्ठभागाची तयारी इतर धातुकामाप्रमाणेच. सरकपिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना), पॅडच्या टेकणजागा, ब्रॅकेट बसण्याची सपाटी आणि होजच्या (द्रवाच्या नळीच्या) तांब्याच्या वॉशरखालची जागा कोरीच ठेवतात. तेथे रंग राहिल्यास तो दबून बोल्ट सैल पडतो किंवा द्रव झिरपतो.