फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या सॅलरी स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, अर्थात व्यवसाय कर, या नावाची एक बारीकशी ओळ असते. अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. प्रॉव्हिडंट फंड आणि इन्कम टॅक्सच्या आकड्यांपुढे तिच्याकडे कुणी बघत नाही. फेब्रुवारीतच शंभर जास्त का, एवढा प्रश्न कधीतरी कँटीनमध्ये निघतो. उत्तर साधं आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर माणशी वर्षाला अडीच हजारांच्या वर नेता येत नाही, आणि अडीच हजारांना बाराने पूर्ण भाग जात नाही. हा व्यवसाय कर १ एप्रिल १९७५ पासून महाराष्ट्रात कशासाठी लावला, हे मात्र तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून तो लावला होता.

मंदीत सरकारने काय करावं, यावर जगभर दोन पक्ष भांडतात. एक म्हणतो कर कमी करा, लोकांच्या खिशात पैसा राहू द्या. दुसरा म्हणतो खर्च करा, रोजगार निर्माण करा. महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात तिसरंच केलं. एका माणसावर कर वाढवला आणि त्याच पैशातून दुसऱ्याला कामावर लावलं. वरवर पाहता हा शून्याचा खेळ आहे, एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखा. पण हिशेब मांडला की उत्तर शून्य येत नाही.

आधी १९७२. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्व भाग या पट्ट्यात १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता, आणि १९७२ साली पिकं गेलीच. धान्याचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. दुष्काळ म्हटलं की आपल्याला भेगाळलेली जमीन दिसते, पण अर्थशास्त्राच्या नजरेने ती खेड्यातली मंदी असते. पेरणी नाही म्हणून खुरपणी नाही, खुरपणी नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून शिंपी, चांभार, सुतार, किराणावाला सगळेच बसून. विहिरीला पाणी असलेला शेतकरी एक वर्ष कसंबसं काढतो. भूमिहीन मजूर पहिल्याच महिन्यात कोसळतो, कारण विकायला त्याच्याकडे फक्त स्वतःचे हात असतात आणि त्यांनाच गिऱ्हाईक नसतं.

यावरचा उपाय एका माणसाच्या डोक्यात आधीपासून घोळत होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात एक प्रयोग करून पाहिला होता. जो काम मागेल त्याला गावाजवळ अंगमेहनतीचं काम द्यायचं. त्यातूनच १९७२ मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारची रोजगार हमी योजना आली. दुष्काळाचा तडाखा मात्र इतका मोठा होता की ऐन संकटात जुन्या पद्धतीच्या दुष्काळी कामांवरच भर द्यावा लागला. मे १९७३ मध्ये त्या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते, आणि रस्त्यांसाठी खडी फोडणं. हजेरीपटावर नाव, मुकादमाची हाक, आठवड्याने मोजमाप, आणि जेवढी माती हलवली तेवढी मजुरी. घरातल्या जुन्या माणसांपाशी विषय काढा, ‘सुकडी’ आणि ‘मिलो’ हे दोन शब्द हमखास येतात. सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, तो कामावर वाटला जायचा. मिलो म्हणजे रेशनवर आलेली लाल अमेरिकी ज्वारी, जिची चव कुणालाच आवडली नाही आणि जी सगळ्यांनी खाल्ली.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. धान्यच कमी असताना लोकांच्या हातात पैसे देऊन काय होणार? फक्त भाव चढतील. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला तो याच मुद्द्यासाठी. भाव चढले, हे खरं. पण दुष्काळी गावात धान्य येतं ते तिथे भूक आहे म्हणून येत नाही, विकत घेणारा आहे म्हणून येतं. मजुराच्या हातात रोख मजुरी आली तेव्हा आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असतानाही व्यापाऱ्यांनी बाहेरून धान्य या जिल्ह्यांत आणलं. रेशन दुकानांनी त्यात आपली भर घातली. लोक अर्धपोटी राहिले, जनावरं दगावली, पण जुन्या दुष्काळांसारखा माणसांचा संहार झाला नाही.

दुष्काळ सरला आणि योजना नीट उभी राहिली. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आलाच. व्यवसाय कर, सिंचित जमिनीवरचा कर, विक्रीकर आणि मोटारींवरचा अधिभार असे बहुतेक शहरी किंवा सुखवस्तू माणसाकडून येणारे पैसे एका निधीत घालायचे, आणि जेवढे जमतील तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून टाकायची, असं ठरलं. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. ‘मागेल त्याला काम’ ही नुसती घोषणा राहिली नाही, तो हक्क झाला.

आता तो हिशेब. मुंबईतल्या एका कारकुनाकडून वर्षाला शंभर रुपये जास्त घेतले असं धरू. तो त्यातल्या बहुधा सत्तर रुपयांचा खर्च कमी करेल आणि तीस रुपये कमी वाचवेल. म्हणजे दादरच्या दुकानदाराचं नुकसान सत्तरचं, शंभरचं नाही. तेच शंभर रुपये मंगळवेढ्याच्या मजुराची मजुरी झाले. ही त्याची नवी कमाई, पूर्ण शंभरची. पहिल्याच पायरीवर अर्थव्यवस्थेत तीस रुपयांची भर पडली. मजूर शंभरातले पंच्याण्णव आठवडी बाजारात टाकतो, कारण वाचवण्याची चैन त्याला परवडत नाही. तेल, मीठ, मिरची, पोराची चड्डी. किराणावाला त्यातले काही उधारीच्या वहीतून वळते करतो, काही घरखर्चाला वापरतो, उरलेल्यातून तालुक्याहून माल भरतो. पैसा असा हातोहात फिरतो आणि दर हाताला थोडा थोडा कमी होत जातो.

या फिरण्याला अर्थशास्त्रात गुणक म्हणतात. केंब्रिजच्या रिचर्ड काह्नने १९३१ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, त्याचं गणित मांडलं आणि केन्सने १९३६ मध्ये त्याला आपल्या सिद्धांतात मध्यवर्ती जागा दिली. नॉर्वेच्या ट्रिग्वे हावेल्मोने १९४५ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. सरकारने एक रुपयाही उधार न घेता, जेवढा कर वाढवला तेवढाच खर्च वाढवला तरी सोप्या गणितात राष्ट्रीय उत्पन्न त्याच रकमेने वाढतं. कर देणारा आणि मजुरी घेणारा सारख्याच सवयीने खर्च करतात असं त्यात गृहीत धरलं आहे. देणारा जास्त वाचवणारा आणि घेणारा सगळं खर्चणारा असेल तर फायदा त्याहून मोठा. व्यवसाय कर आणि रोजगार हमीची जोडी नेमकी या प्रकारची होती. पागे हावेल्मो वाचून बसले होते असं मला मुळीच म्हणायचं नाही.

पुढारी मंडळी भाषणात गुणक सांगतात तेव्हा तो पाचाच्या घरात असतो. प्रत्यक्षात तो पुष्कळच कमी भरतो. गावातल्या दुकानातला साबण, चहापत्ती आणि काड्यापेटी गावात बनत नाहीत, त्यामुळे पैसा लवकर वेशीबाहेर जातो. शिवाय हे सगळं हात रिकामे असतानाच लागू पडतं. सुगीत प्रत्येक माणूस कामावर असताना सरकारने आणखी मजूर ओढले तर नवं काही तयार होत नाही, फक्त मजुरीची ओढाताण होते.

म्हणून योजनेतली सगळ्यात हुशार गोष्ट मला करापेक्षाही तिच्या वेळेत दिसते. मंदी ओळखायला सरकारांना उशीर होतो. आकडे येईपर्यंत दोन तिमाह्या जातात, मग समिती, मग निविदा. पुलाचा नारळ फुटेपर्यंत मंदी संपलेली असते. रोजगार हमीत कुणी काही ओळखायची गरजच नाही. पाऊस ओढ देतो, मजूर काम मागतो, खर्च आपोआप चढतो. पाऊस पडतो, मजूर शेतावर परततो, खर्च आपोआप उतरतो. काम कष्टाचं आणि मजुरी बेताची असल्यामुळे ज्याला दुसरं काही मिळतं तो फिरकत नाही. दारिद्र्याचे दाखले तपासत बसावं लागत नाही. आणि शहरातला पगार पावसावर अवलंबून नसल्यामुळे खेड्यात खर्च चढतो त्याच वर्षी कराची जमा आटत नाही. शहराने खेड्याचा उतरवलेला हा विमाच. अर्थात त्यात परोपकारापेक्षा स्वार्थ जास्त होता. दुष्काळी लोंढे मुंबईच्या फुटपाथवर यायला नको होते.

याच कल्पनेचं एक विद्रूप रूप शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलं होतं. १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या साहेबाने दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी काम सोडून संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. हाच टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. लगेच १८७८ मध्ये सरकारने दुष्काळ निधीच्या नावाखाली धंद्यांवर लायसन्स कर लावला, त्यावरून सुरतेत दंगल उसळली, आणि तो पैसा अफगाण युद्धाकडे वळवला अशी टीका पुढे बरीच वर्षं होत राहिली. कर तोच, कारण तेच. पण हक्क नव्हता, म्हणून तिजोरीतला पैसा कुठेही जाऊ शकत होता.

आपल्या योजनेलाही हा रोग लागलाच. मे १९८८ मध्ये किमान वेतन कायद्याप्रमाणे रोजगार हमी योजनेची, म्हणजे रोहयोची, मजुरी सुमारे दुपटीने वाढली. मजुरी वाढली तर जास्त लोक यायला हवेत, पण उलट झालं. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये महिन्या-महिन्याचे आकडे तपासले, तेव्हा रोजगार घसरलेला दिसला. अंदाजपत्रक आवाक्यात ठेवायला कामं उघडणंच कमी केलं गेलं होतं. कागदावर ‘मागेल त्याला काम’, प्रत्यक्षात ‘निघेल तेव्हा काम’. कर मात्र दर महिन्याला कापला जात राहिला, आणि वसूल झालेला सगळा पैसा निधीत पोचत नाही यावर महालेखापालांनी वेळोवेळी बोट ठेवलं. खोट्या हजेरीपटांच्या कहाण्या तर प्रत्येक तालुक्यात आहेत. पण चोरीपेक्षा हा बदल मला जास्त घातक वाटतो. रक्कम आधी ठरवून टाकली की आपोआप चढण्या-उतरण्याचा गुणच मरतो, उरते ती आणखी एक सरकारी योजना.

‘नुसते खड्डे खणतात’ हा आक्षेप जुना आहे. १९९० नंतर रोहयोतून फळबागा लागल्या, डाळिंब आणि आंबा त्यातून कोरडवाहू शेतात गेला, हे त्यावरचं एक उत्तर. दुसरं उत्तर आंध्रातून आलं. रोजगार हमीचा देशभराचा कायदा २००५ मध्ये झाला, त्यानंतर आंध्र प्रदेशाने मजुरीसाठी अंगठ्याच्या ठशाचं स्मार्ट कार्ड आणलं आणि कोणत्या मंडलात, म्हणजे तिकडच्या तालुक्यासारख्या भागात, ते आधी द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांना खरी तुलना करता आली. योजना नीट चाललेल्या भागात गरीब कुटुंबांची कमाई सुमारे १४ टक्क्यांनी वाढली, आणि त्यातला ८६ टक्के वाटा रोहयोचा नव्हताच, बाहेरच्या कामाचा होता. सरकारी कामाचा पर्याय दारात असला की शेतमालकाला दर वाढवावा लागतो. बागायतदारांची ‘रोहयोमुळे मजूर मिळत नाही’ ही तक्रार याचीच दुसरी बाजू. आणि मजुरी वाढूनही खासगी रोजगार घटला नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये, वाढ मंदावत असताना, केंद्राने कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडलं. लांब पल्ल्यात त्याचे फायदे असतीलही. पण गिऱ्हाईक नाही म्हणून निम्मी यंत्रं बंद ठेवणारा कारखानदार कर कमी झाला म्हणून तिसरं यंत्र विकत घेत नाही. सहाच महिन्यांत टाळेबंदी आली, एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी आक्रसलं, आणि लाखो लोक नाशिक, भिवंडी, पुण्याहून पायी निघाले. गावी पोचल्यावर त्यांनी काय मागितलं? काम. देशभरच्या रोहयोची ६१,५०० कोटींची तरतूद ४० हजार कोटींनी वाढवावी लागली, आणि त्या वर्षी साडेसात कोटी कुटुंबांनी मिळून ३८९ कोटी मनुष्यदिवस काम केलं.

या वेळी मंदी शहरातून सुरू झाली होती. विमा उतरवणारा स्वतःच आजारी पडला होता. राज्यांना नोटा छापता येत नाहीत, कर्जाला मर्यादा आहे, म्हणून अशा वेळी केंद्राशिवाय कुणाचा खांदा पुरत नाही. आणि पिंपरीत काम गेलेल्या वेल्डरला पिंपरीतच कुठे अर्ज करता येईल अशी खिडकी तेव्हाही नव्हती. केरळने २०१० मध्ये शहरांसाठी अशी योजना सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. महाराष्ट्रात ती आली तर पैसे कुणाकडून घ्यायचे, हा प्रश्न पागेंच्या वेळेपेक्षा अवघड आहे. तेव्हा खेड्याचा भार शहराने उचलला. शहराचा उचलायला खेड्याकडे पगार नाही, आणि व्यवसाय कराची अडीच हजारांची मर्यादा १९८८ पासून एक रुपयाने हललेली नाही.